साखराकाकूच्या खोलीतला भूकंप

खोलीची किल्ली साखराकाकूच्या कमरेला होती, आणि काकू ती काही केल्या सोडत नव्हती.

अंगणात जीप उभी होती. भूकंप मोजणाऱ्या ऑफिसातले आनंदराज साहेब एक चौकोनी डबा तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून उभे होते. त्यांच्यासोबत आलेले दोन गडी सिमेंटच्या पोत्यावर बसून तंबाखू मळत होते. आणि काकूचा नवरा, म्हणजे आमचा शेषेरावकाका, हात पुढं करून उभा होता. मी शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही खांद्याइतकीच, त्यामुळं त्यांचं भांडण ऐकायला मला कधी उठून जावं लागत नाही.

"किल्ली दे."

"देत न्हाई."

"अगं, सायेब उभे हायेत."

"मग बसा म्हणा. शेडमदी बाज हाय की. खोली माझी हाय."

"तुझी कशी? दयानंदनं बांधली."

"दयानंद कुणाचा हाय?"

साहेबांनी मान खाली घातली. गड्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"त्यानं बांधताना मला इचारलं, माय, खिडकी कुण्या अंगाला ठिवू," काकू म्हणाली. "तुमाला काय इचारलं? तुमी तर पाया खांदतानाच म्हणलाव, मेलो तरी ह्या स्लॅबखाली येणार न्हाई."

"तेच म्हणून राहिलो. मी येत न्हाई, तर खोली रिकामीच हाय. सरकारच्या कामी येऊ दे."

"मी निजते की तिथं."

"तुला एकटीला त्या स्लॅबखाली निजू देईन व्हय मी?" काका म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज जरा बारीक झाला.

काकूनं त्याच्याकडं बघितलं. मग कमरेची किल्ली सोडली, त्याच्या हातात न देता बाजेवर टाकली, आणि "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं" असं म्हणत चुलीकडं गेली. त्या दिवशी साहेबांना चहा मिळाला, पण साखर नव्हती त्यात.

काकाचं असं का, ते सांगितलं पाहिजे. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या मादळवाडीचं फार काही गेलं नाही. दोनचार भिंती फुगल्या, मारुतीच्या देवळाला चीर पडली. पण काका तेव्हा ऐन उमेदीतला गडी. टेम्पोत बसून किल्लारीच्या अंगाला माती उपसायला गेला. परत आला तेव्हा काय पाहिलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, अजून सांगत नाही. आला, घरात गेला, आपली बाज उचलली आणि अंगणात आणून टाकली. पुढं तिच्यावर पत्र्याचं शेड उभं केलं. तेव्हापासून दगडामातीच्या नाहीतर सिमेंटच्या छताखाली हा माणूस निजलेला नाही. लग्नाला गेला तर मांडवात निजणार. उदगीरला हर्नियाचं ऑपरेशन झालं तर सलाईनच्या बाटलीसकट बाहेर येऊन लिंबाखाली बसलेला सापडला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काका पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

आणि नवरा शेडमध्ये म्हटल्यावर बायको कुठं जाणार? उन्हाळ्यात त्या पत्र्यावर पापड भाजावा. पावसाळ्यात तो असा वाजायचा की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये, आणि ते एक बरंच होतं म्हणा. शेडला तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूनं गाव. लुगडं बदलायचं तर दिवा मालवायचा. बाजेखाली कुणाचं ना कुणाचं कुत्रं. काकूनं सगळं सोसलं, पण मनात एकच गोष्ट धरून ठेवली होती. एकदा आपल्या दाराला आतून कडी लावायची आणि चार भिंतींच्या आत निवांत निजायचं. सोनंनाणं कधी मागितलं नाही बाईनं. दयानंद संभाजीनगरला कंपनीत लागला आणि त्यानं पैसे जमवून मायेसाठी ती खोली बांधली, गुळगुळीत फरशीची, मोठ्या खिडकीची. काकूनं ती वर्षभर रोज पुसली. निजली मात्र शेडमध्येच.

आता यंत्र आलं कसं, तेही ऐका. मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या रानात जमिनीखालून आवाज यायला लागले. दूर कुणीतरी मोठी कणगी ओढत न्यावी तसा, गूं करून. पहिल्यांदा तो काकानं ऐकला, आणि सकाळच्या पारी "बाहेर पळा, बाहेर पळा" करत साऱ्या गावातून धावला. लोक लेकरंबाळं घेऊन बाहेर आले. सरपंच धोंडप्पा निम्मी दाढी करून, निम्म्या तोंडाला साबण लावून चौकात आला. कौलसुद्धा पडलं नाही कुठं. तेव्हापासून धोंडप्पानं काकाचं नाव पाडलं 'भूकंपराव'. हॉटेलात गेला की, "या भूकंपराव, आज काय अंदाज?" पोरंसोरंही म्हणायला लागली. काका हसण्यावारी न्यायचा, पण हॉटेलात जायचा बंद झाला. मग त्यानं चंगच बांधला. तहसीलला जा, लातूरला जा, अर्ज दे, पुन्हा जा. सरकारनं यंत्र बसवावं आणि एकदाचं लिहून द्यावं की शेषेराव खोटं बोलत नाही, एवढंच त्याचं मागणं.

शेवटी आनंदराज साहेब जागा बघायला आले, आणि नेमके कधी आले? येळवशीला.

आता आमच्या भागात वेळ अमावस्येला गावात काय असतं हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. काही नसतं. सारं गाव भल्या सकाळी भज्जी, अंबील, उंडे डोक्यावर घेऊन शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पांडव पुजतं आणि दिवे लागणीपर्यंत परत येत नाही. म्हातारंकोतारं गाडीत घालून नेतात. चक्की बंद, शाळा रिकामी, एसटीसुद्धा नुसतीच वळून जाते. साहेब पडले कोकणातले. त्यांनी काकाला फोन लावला. काका शेतातून भज्जीचा डबा आणि अंबिलीचं मडकं घेऊन धावत आला. साहेबांनी छोटं यंत्र खोलीच्या ओट्यावर मांडलं, पोटभर जेवले, दोन तांबे अंबील प्याले, आणि अंबील ती अंबीलच, दुपारभर ओट्यावर आडवे झाले. उठून यंत्र बघितलं तर रेघ सरळ.

"काका, इतकं शांत गाव मी अजून पाहिलं नाही," साहेब म्हणाले.

"गाव गरीब हाय सायेब," काका अभिमानानं म्हणाला.

शिवाय खोलीचा पाया काळ्या पाषाणावर लागलेला. साहेबांना अशीच जागा हवी होती. दुसऱ्या महिन्यात डबा घेऊन हजर.

किल्ली मिळाल्यावर गड्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर काकूची गुळगुळीत फरशी कोपऱ्यात फोडली. खाली पाषाणापर्यंत खड्डा केला, सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर यंत्र ठेवलं. खिडकीत एक डबी बसवली, तिच्यावर दोन दिवे. हिरवा म्हणजे सगळं ठीक. जोराचा हादरा बसला की लाल, आणि तो मग रात्रीपर्यंत मिचकत राहायचा. साहेबांनी नियम सांगितले. खोलीत कुणी जायचं नाही. जवळपास कुटणं, ठोकणं, जनावर बांधणं बंद. काकूनं दारातूनच विचारलं, "मी श्वास घेतला तर चालंल का?" साहेब म्हणाले, "थोडा लांबून घ्या, काकू." ते चेष्टेनं म्हणाले होते, पण काकूला ती चेष्टा वाटली नाही.

झालं. नवराबायको पत्र्याखाली आणि सरकारचा डबा स्लॅबखाली, कुलपात.

पंधरवडा गेला आणि साहेबांचा फोन आला. काकाला कमी ऐकू येतं म्हणून तो फोन नेहमी मोठ्यानं लावतो, त्यामुळं अर्ध्या गल्लीनं तो ऐकला.

"काका, तुमच्या गावात चाललंय काय? यंत्र दिवसभर थरथरतंय. चक्की काय, ट्रॅक्टर काय, कोण तरी सकाळी लाकडं फोडतं. सर्व्हेच्या दिवशी तर चिटपाखरू नव्हतं."

"त्या दिशी येळवस व्हती की सायेब."

"म्हणजे काय?"

"म्हंजी गाव शेतात व्हतं."

"किती गाव?"

"समदं."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं न्हाई. आन् येळवस मालूम न्हाई असा माणूस ऱ्हातो, हे आमाला मालूम न्हाई."

साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "हे आपल्यातच राहू द्या काका. वरच्यांनी विचारलं तर माझी पंचाईत होईल. लांबचे आवाज मी गाळून घेतो. पण खोलीजवळ ठोकाठोकी नको. ती वाढली तर मला यंत्र तिथून हलवावं लागेल."

काका म्हणाला, "चिंताच करू नका, माशी बसू देत न्हाई." पण चुलीपुढं भाकरी थापणारी काकू थांबली होती. तिच्या कानात शेवटचंच वाक्य शिरलं होतं, हे मला भिंतीवरूनसुद्धा दिसलं.

आमच्या घरी तेव्हा लग्न निघालं होतं, माझ्या पुतणीचं, सुकन्याचं. दुसऱ्या दिवशी काका जेवून रानात पाणी द्यायला गेला आणि काकू भिंतीशी आली.

"शिवशंकर, सुकन्याची हळद कुठं फोडणार हाव?"

"घरीच की काकू. चार हळकुंडं उखळात टाकायची शास्त्रापुरती, बाकीची गिरणीतनं."

"शास्त्रापुरती काऊन? एकुलती एक पोर हाय. समदी हळद हातानं फोडा. माझ्या अंगणात या, माझं उखळ दगडाचं हाय."

काकूचं उखळ अंगणात पुरलेलं आहे, आणि कुठं, तर खोलीच्या खिडकीखाली.

दुपारी गल्लीतल्या बायका जमल्या. मुसळाला कांकण बांधलं, हळदीकुंकू वाहिलं, गाणं धरलं. दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळं घालायच्या. काकू स्वतः पदर खोचून सगळ्यांत पुढं. हळकुंड तरी किती कुटायचं? पार पिठी झाली तरी काकू थांबेना. पाचव्या गाण्याला खिडकीतला हिरवा दिवा गेला आणि लाल लागला. बायकांचं ध्यान मुसळाकडं होतं. काकूनं तेवढा तो बघितला आणि म्हणाली, "बायांनो, च्या घ्या, मग आजून एक डाव."

दिवस कलायच्या आत उखळ धुऊन, अंगण झाडून, काही घडलंच नाही असं करून बायका घरोघर गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणाची मिरची आली. मग जवस, मग कारळं, मग शेंगदाणे. ज्यांच्या घरी मिक्सर आहे त्यासुद्धा येऊ लागल्या. अंगणात गाणी, चहा, चावळणं, हे असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. माझी बायको रोज जायची. मला सगळं ठाऊक होतं, पण मी त्या आठवड्यात ज्या चटण्या खाल्ल्या त्या जन्मात खाल्ल्या नव्हत्या, आणि खाणाऱ्यानं बोलू नये.

काकूचा हिशेब सरळ होता. साहेब वैतागतील, डबा उचलतील, खोली मोकळी होईल. पण काकानं त्या हिशेबात पाय घातला.

काका संध्याकाळी रानातून यायचा आणि खिडकीत लाल दिवा मिचकताना बघायचा. पहिल्या दिवशी त्यानं डोळे चोळले. दुसऱ्या दिवशी घाम पुसला. आठव्या दिवशी तो मारुतीच्या देवळात गेला, काकड आरतीचा भोंगा सुरू केला आणि साऱ्या गावाला ऐकवलं, "मंडळी, शेषेराव बोलून राहिलोय. रोज हादरा बसायलालाय. आपल्याला कळंना, पण सरकारच्या यंत्राला कळलंय. मोठा येण्याआधी आसे बारके येतेत. ज्याला जीव प्यारा हाय त्यानं बाज बाहेर काढावी."

लोक आधी हसले. धोंडप्पा सरपंच तर हसत हसतच दिवा बघायला आला. खिडकीशी तोंड नेलं आणि बघता बघता त्याचं हसू उतरलं. काकाची चेष्टा करता येते, पण दिवा सरकारी होता.

त्या संध्याकाळपासून मादळवाडी रस्त्यावर आली. बाजा, गाद्या, मच्छरदाण्या, टीव्हीसुद्धा. ग्रामपंचायतीनं मांडववाल्याकडून ताडपत्र्या आणल्या. आणि या सगळ्या कारभाराचा मालक कोण, तर काका. विजेच्या तारेखाली बाज टाकू नका, भिंतीपासून लांब सरका, कंदील हाताशी ठेवा, चपला पायाशी ठेवा. सारी जिंदगी ज्यासाठी त्याला वेड्यात काढलं, ते आता लोक त्याला विचारून विचारून करत होते. हॉटेलात त्याला बाकड्यावर जागा करून देऊ लागले. धोंडप्पा 'शेषेराव मालक' म्हणू लागला. काका चक्क शीळ घालत गल्लीतून जायचा. मी त्याला शीळ घालताना कधी ऐकला नव्हता.

आणि काकू वाळत चालली.

अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या, ताडपत्र्या उडाल्या. आमच्या मागच्या गल्लीतली एक बाळंतीण दहा दिवसांचं पोर पोटाशी धरून ट्रॉलीखाली बसून राहिली. ते बघून आल्यावर काकू भिंतीशी आली. तिचा चेहराच सांगत होता.

"शिवशंकर, करायला गेले काय आन् वरती झाले पाय. मला घरात निजायचं व्हतं रं. मी तर समदं गाव बाहेर काढलं."

"मग सांगून टाका की काकाला."

"ह्यांला काय सांगू? दिवा उखळानं लागतोय म्हणून? उद्या धोंडप्पा ह्यांला जगू देईल का? आत्ता कुठं लोक माणसात धरायलालेत. परवा मला म्हणले, साखरे, तुला लई तरास दिला गं मी, पण बघ, माझं खरं निघालं." तिनं डोळ्याला पदर लावला. "आसं कधी बोलले न्हाईत मला. लग्न झाल्यापून न्हाई."

मला तेव्हा काकूचं फार वाईट वाटलं, आणि काकाचंही. खरं बोलावं तर नवऱ्याची इज्जत जाते, गप्प बसावं तर गाव पावसात. उखळ तिनं गाव बाहेर आलं त्याच दिवशी बंद केलं होतं, पण लोक काही आत जायला तयार नव्हते. आधी बसले ते हादरे मोठ्याचीच चाहूल आहेत म्हणून काकानं बजावलं होतं.

"सायेबाला फोन लाव," काकू शेवटी म्हणाली. "म्हणावं, या. जे सांगायचं ते त्यांलाच सांगते."

साहेब आले. काका तेव्हा चौकात बाजांची पाहणी करत होता. काकूनं साहेबांना शेडमध्ये बसवलं, यावेळी चहात साखर घातली, आणि कप हातात देताच म्हणाली, "सायेब, कुटणारी मी हाय. यंत्र घेऊन जा, मला तुरुंगात घाला, पण ह्यांचं हसं करू नका."

साहेब चहा पिता पिता ठसकले.

"काकू, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. भूकंप जेवणं आटोपल्यावर सुरू होत नाही, आणि मध्ये चहाला थांबतही नाही."

"मग बोललाव का न्हाई?"

"काय बोलू? वर कळवलं की जागा चुकली, तर विचारणार, जागा कुणी निवडली? मी. कधी निवडली? अंबील पिऊन." साहेबांनी कपाळाला हात लावला. "पण काकांनी भोंग्यावर सांगितलं आणि गाव बाहेर आलं, हे मला आज तुमच्या फोनवर कळलं. हे मात्र वाईट झालं."

मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची बी झाका, हिची बी झाका."

मग तिघांनी मिळून ठरवलं. तांत्रिक कारणास्तव यंत्र मारुतीच्या माळावर न्यायचं, तिथं उघडा पाषाण आहे आणि दोन हाकांवर घर नाही. गावाला सांगायचं की बारके हादरे थांबले, यंत्राची साक्ष आहे, घरात जा. खोटं त्यात एकही अक्षर नव्हतं. थांबले होतेच की.

काकाला हे सांगितलं तेव्हा त्यानं वाद घातला नाही. "ठीक हाय," एवढंच म्हणाला आणि शेडमध्ये बाजेवर पाठ करून पडला. यंत्र गेलं की आपण पुन्हा भूकंपराव, हे त्याला कळत होतं. घरात जायची परवानगी ऐकायला धोंडप्पासकट निम्मं गाव अंगणात जमलं होतं, आणि त्यातला एकजण मागून हळूच म्हणालाही, "काय भूकंपराव, मशीन चाललं का?" काकाचे कान लाल झाले, पण तो वळला नाही.

साहेबांनी अंगणात खुर्चीवर लॅपटॉप उघडला. यंत्राची वायर अजून जोडलेली होती. काढण्याआधी सगळं तपासून घ्यायचं होतं. काकू कुलूप उघडून फडकं घेऊन खोलीत गेली. किती दिवसांची धूळ साचली होती, आणि तिला धीर नव्हता.

तेवढ्यात आला.

आधी शेडचा पत्रा थरथरला, वारा नसताना. मग खालून तो आवाज, गूं करून, पायाच्या तळव्यातून पोटात येणारा. माझ्या घरात भांड्यांची उतरंड कलंडली. कुत्री ओरडली. अंगणातले लोक जागच्या जागी असे उभे राहिले की जणू कुणी थांबा म्हटलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत काका बाजेवरून उठला. बाहेर पळायला त्याला जागाच नव्हती, तो बाहेरच होता. तो पळाला तो सरळ खोलीत. धोतर आवरत, आडव्या आलेल्या धोंडप्पाला खांद्यानं बाजूला लोटत, "साखरे, साखरे" करत तो स्लॅबखाली शिरला.

दोन श्वास घ्यावेत इतक्यात सगळं थांबलं.

कुणाला काही झालं नव्हतं. भिंतीला चरासुद्धा नाही. मग मात्र सगळे एकदम बोलायला लागले आणि लॅपटॉपभोवती गर्दी झाली. साहेबांचा चेहरा उजळला होता. त्यांनी बोट ठेवलं. "हा बघा. खरा. अगदी छोटा आहे, पण खरा भूकंप. इथूनच जवळ, खोलवर. काका पहिल्यापासून सांगत होते तोच." लोक वाकून बघायला लागले. रेघ मध्येच जराशी थरथरली होती.

"आन् हा मोठा कुठला?" धोंडप्पानं विचारलं. लहान थरथरीच्या पुढं रेघ नुसती वरखाली उड्या मारत होती.

"ते काका पळाले," साहेब म्हणाले.

साऱ्या अंगणाला हसू फुटलं. पण या वेळचं हसणं वेगळं होतं. धोंडप्पानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आपणहून हाक दिली, "शेषेराव मालक, बाहेर या. तुमचं खरं निघालं. सरकारनं लिवून दिलंय, या बघायला."

सगळे दाराकडं बघायला लागले.

"काका, बाहेर या," साहेबही म्हणाले. "लगेच आत थांबू नये. पुन्हा एखादा येऊ शकतो."

"आलो," काकाचा आवाज आला. पण काका आला नाही.

ज्या माणसानं साऱ्या गावाला दोनदा बाहेर ओढलं, तो स्वतः आत जाऊन बाहेर येईना, तेव्हा मला काळजी वाटली. मी खिडकीशी गेलो. काकू भिंतीला टेकून खाली बसली होती. हातात फडकं तसंच होतं. काका तिच्यापुढं उभा होता.

"उठवंना का?"

"उठवंना."

"मला वाटलं..." काका म्हणाला आणि थांबला. काय वाटलं ते त्यानं याही वेळी सांगितलं नाही. त्यानं वर स्लॅबकडं बघितलं, चारी कोपऱ्यांत नजर फिरवली. मग हळूच, पाण्यात उतरावं तसा, काकूच्या शेजारी फरशीवर बसला.

"बाहेर बोलवायलालेत तुमाला," काकू म्हणाली. "तुमचं खरं निघालं म्हणं."

"निघू दे."

"जावा की. एवढी तडफड केलाव त्याच्यासाठी."

"जातो. तुझे पाय थांबू दे आधी." त्यानं मूठ वळली आणि फरशीवर आपटली. एकदा, दोनदा, मग जोरानं, बाजारात बैलाच्या पाठीवर थाप मारून बघावी तशी. "पक्की हाय गं. दयानंदनं काम पक्कं केलंय."

"मी काय म्हणत व्हते मग येवढे दिस?" काकू म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. तिनंही फडक्याची मूठ फरशीवर आपटली.

अंगणात साहेब दचकले. लॅपटॉपवरची रेघ पुन्हा उडत होती. "अरे, हा आणखी कुठला?" ते पेन काढत म्हणाले. "शिवशंकर, तुम्हाला काही जाणवलं का?"

मी वळलो आणि खिडकीला पाठ लावून, ती झाकून उभा राहिलो, म्हणजे आतलं कुणाला दिसू नये.

"तो घरचा हाय सायेब," मी म्हटलं. "तो लिवू नका."